एपीआयमधून ईमेल जात नाही: परवानगी नेमकी कुठे अडली ते शोधून सोडवण्याची रीत

एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या सेवेकडून काम करून घ्यायची वाट. तिच्यातून ईमेल पाठवणारा कोड लिहून झाला, पत्ता बरोबर, मजकूर बरोबर, आणि सर्व्हरचं उत्तर ४०३, म्हणजे परवानगी नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी परवानग्यांच्या पानाकडे जातो. दिसेल त्या चौकटीत खूण करायची, सेव्ह करायचं, पुन्हा पाठवून बघायचं. नाहीच गेला तर आणखी दोन खुणा. यातून कधीकधी ईमेल जातोही, पण तोवर ॲपला अख्ख्या कंपनीचे इनबॉक्स वाचायची मुभा मिळालेली असते, आणि त्यातली कामाची खूण कोणती होती हे कुणालाच सांगता येत नाही.

ईमेल पाठवण्याच्या एका विनंतीची झडती एकाच जागी होत नाही. पाठवणारा कोण, हे आधी तपासलं जातं. मग त्या ॲपला पाठवण्याची मुभा आहे का ते. मग याच मेलबॉक्समधून पाठवायची आहे का ते. मग ‘फ्रॉम’मध्ये लिहिलेला पत्ता वापरायचा हक्क आहे का ते. या सगळ्यातून पार पडलात तरी खातंच अजून चाचणीच्या अवस्थेत असेल तर तिथे गाडी अडते. आणि हे पाचही टप्पे नकार देताना जवळपास एकच भाषा बोलतात: परवानगी नाही. म्हणून खरं काम म्हणजे नकार कोणत्या टप्प्याने दिला ते ओळखणं. ते कळलं की पुढचा उपाय बहुधा किरकोळ असतो.

खाली मायक्रोसॉफ्ट ग्राफ (मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस खात्यांचा एपीआय), जीमेल एपीआय आणि ॲमेझॉन एसईएस (ॲमेझॉनची ईमेल पाठवायची सेवा) यांच्यावर जास्त भर आहे, कारण गुंतागुंत तिथेच जास्त आहे. बाकीच्या सेवांचं थोडक्यात आटोपलं आहे.

पायरी १: उत्तर पूर्ण वाचा, नुसता आकडा नको

४०१ म्हणजे तुम्ही कोण हेच सर्व्हरला पटलेलं नाही. टोकन (ॲपला मिळणारा तात्पुरता ओळखपास) पाठवलंच नाही, त्याची मुदत संपली, किंवा की (ॲपची गुप्त किल्ली) चुकीची आहे. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण हे काम तुम्हाला करू देणार नाही. एचटीटीपीचं २०२२ मधलं मानक, आरएफसी ९११०, असंही सांगतं की ४०३ आल्यावर तीच ओळखपत्रं घेऊन आपोआप पुन्हा विनंती करू नये. म्हणजे ४०३ वर तीनदा रीट्राय करणारा कोड फक्त लॉग भरतो.

प्रत्यक्षात हा नियम सगळ्या सेवा काटेकोरपणे पाळत नाहीत. जीमेलमध्ये पाठवण्याची मर्यादा ओलांडली तरी ४०३ येऊ शकतो, फक्त कारणाच्या जागी ‘यूजर-रेट-लिमिट-एक्सीडेड’ किंवा ‘डेली-लिमिट-एक्सीडेड’ असतं. तिथे परवानग्यांना हात लावायचं काहीच कारण नाही, थांबून वेग कमी करायचा. उलट एसईएसमध्ये पत्ता पडताळलेला नसेल तर ४०० येतो, आणि ग्राफमध्ये मेलबॉक्सला लायसन्स नसेल किंवा तो कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर ४०४. त्यामुळे आकड्यावरून फक्त दिशा कळते. कारण कळतं ते उत्तराच्या मजकुरातून.

आणि तो मजकूर लायब्ऱ्या बिनदिक्कत गिळतात. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत ‘रेझ फॉर स्टेटस’ वापरलं की हाती ‘४०३ क्लायंट एरर: फॉरबिडन’ एवढंच लागतं. सविस्तर जेसन (रकान्यांत मांडलेली माहिती) रिस्पॉन्सच्या टेक्स्टमध्ये तसंच पडून असतं. म्हणून पहिली दुरुस्ती कोडमध्येच करा: चूक आली की पूर्ण मजकूर लॉगमध्ये लिहा, सोबत रिक्वेस्ट आयडी आणि वेळ. ग्राफ हे दोन्ही ‘इनर एरर’मध्ये देतो आणि सपोर्टकडे गेलात तर पहिल्यांदा तेच मागतात. मात्र लॉगमध्ये ऑथरायझेशन हेडर लिहू नका. टोकन लॉगमध्ये गेलं की लॉग वाचणारा प्रत्येक जण तुमच्या नावाने मेल पाठवू शकतो.

यानंतर कोड जे वापरतो असं तुम्हाला वाटतं ते टोकन घेऊन तीच विनंती कर्ल किंवा पोस्टमन या साधनातून एकदा हाताने पाठवा. तिथेही ४०३ आला तर कोड निर्दोष, परवानगी बघा. तिथून गेला आणि कोडमधून जात नाही, तर कोड प्रत्यक्षात वेगळंच टोकन वापरत असणार. बहुतेकदा जुनं, कॅशमधलं.

विनंती थेट ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमधून जात असेल तर आधी तेच थांबवा. तिथे दिसणारी चूक अनेकदा कॉर्सची (एका संकेतस्थळावरून दुसरीकडे जाणाऱ्या विनंतीवर ब्राउझर घालतो त्या बंधनाची) असते, परवानगीची नसते. शिवाय एपीआय की पानाच्या सोर्समध्ये कुणालाही दिसते. ईमेल पाठवणं हे सर्व्हरचंच काम.

पायरी २: टोकनमध्ये काय लिहिलंय ते डोळ्यांनी बघा

कन्सोलमध्ये (सेवेच्या सेटिंग्जच्या पानावर) काय दिसतं यापेक्षा टोकनमध्ये काय आहे ते महत्त्वाचं. एपीआयला कन्सोल दिसत नाही, टोकन दिसतं.

ग्राफचं ॲक्सेस टोकन, निदान ऑफिसच्या खात्यांसाठी, जेडब्ल्यूटी असतं: टिंबांनी जोडलेले तीन तुकडे. मधला तुकडा बेस६४ यूआरएल पद्धतीने उलगडला की साधं जेसन मिळतं. हे आपल्याच संगणकावर दोन ओळींच्या स्क्रिप्टने करा. अनोळखी संकेतस्थळावर चालू टोकन चिकटवू नका. ते तासभर तरी जिवंत असतं आणि तेवढा वेळ पुरेसा आहे.

उलगडल्यावर नजर इतक्या ठिकाणी फिरवा. ‘ऑड’ म्हणजे हे टोकन कुणासाठी काढलंय. तिथे ग्राफचा पत्ता किंवा ग्राफचा ठरावीक आयडी हवा, तुमच्याच ॲपचा आयडी दिसला तर स्कोप (परवानगीचा आवाका) चुकीचा मागितलाय. ‘ॲपआयडी’ म्हणजे कोणत्या ॲपने काढलं. चाचणीचं आणि प्रत्यक्ष वापरातलं अशी दोन ॲप्स असली की परवानगी एकाला दिलेली आणि टोकन दुसऱ्याचं, ही गफलत इथे उघडी पडते. ‘टीआयडी’ म्हणजे टेनंट (कंपनीचं मायक्रोसॉफ्टमधलं खातं) कोणता. ‘एक्स्प’ म्हणजे मुदत. आणि सगळ्यात कामाचे दोन रकाने: ‘एससीपी’ आणि ‘रोल्स’. एखादा माणूस लॉगिन करून त्याच्या वतीने ॲप काम करत असेल तर परवानग्या एससीपीमध्ये येतात. माणूस नसताना ॲप स्वतःच्या जोरावर चालत असेल तर रोल्समध्ये. रात्री चालणाऱ्या जॉबच्या टोकनमध्ये रोल्स रिकामं असेल, तर पुढे काही तपासायची गरजच नाही. परवानगी पोहोचलेलीच नाही.

गूगलचं ॲक्सेस टोकन असं उलगडत नाही. त्यासाठी गूगलचा ‘टोकनइन्फो’ हा पत्ता आहे. त्याला टोकन दिलं की त्यावर मंजूर असलेले स्कोप आणि उरलेले सेकंद कळतात. सेंडग्रिड या ईमेल सेवेत ‘स्कोप्स’ या पत्त्यावर गेट विनंती केली की कीला काय काय करता येतं याची यादी मिळते. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये ‘एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी’ ही आज्ञा आपण कोण म्हणून बोलतोय ते सांगते. ही आज्ञा ज्या मशीनवर चूक येते त्याच मशीनवर चालवा. आपल्या लॅपटॉपवर ती हमखास वेगळं उत्तर देईल.

पायरी ३: मायक्रोसॉफ्ट ग्राफ

इथला सगळा घोळ परवानग्यांच्या दोन जातींमुळे होतो. ‘मेल.सेंड’ नावाच्या परवानग्या दोन आहेत: एक डेलिगेटेड, एक ॲप्लिकेशन. नाव एकच, यादीत दोन वेगळ्या टॅबखाली. डेलिगेटेडमध्ये ॲपची परवानगी आणि लॉगिन केलेल्या माणसाचा हक्क, या दोन्हींत जे सामाईक तेवढंच चालतं. ॲप्लिकेशनमध्ये माणूसच नाही, म्हणून मुळात ती टेनंटमधल्या प्रत्येक मेलबॉक्सला लागू होते. बॅकग्राउंड जॉबला डेलिगेटेड दिलीत तर ती कन्सोलमध्ये झळकेल, टोकनमध्ये येणार नाही, आणि उत्तर येईल ‘एरर ॲक्सेस डिनाइड: ॲक्सेस इज डिनाइड. चेक क्रेडेन्शियल्स अँड ट्राय अगेन’. यातला ‘चेक क्रेडेन्शियल्स’ हा सल्ला दिशाभूल करणारा आहे. क्रेडेन्शियल चुकीचं असतं तर टोकनच मिळालं नसतं.

क्रम असा ठेवा:

१. एन्ट्रा (मायक्रोसॉफ्टची ओळख आणि परवानग्या सांभाळणारी सेवा) हिच्या ॲडमिन सेंटरमध्ये ॲप रजिस्ट्रेशन्स, तिथे आपलं ॲप, मग एपीआय परमिशन्स. मेल.सेंडसमोर ‘टाइप’ रकान्यात काय आहे ते बघा.

२. ‘स्टेटस’ रकान्यात ‘ग्रँटेड’ आहे का? परवानगी यादीत टाकणं ही नुसती मागणी असते. ॲडमिनने ‘ग्रँट ॲडमिन कन्सेंट’ दाबल्यावर ती मंजूर होते. ॲप्लिकेशन परवानगीला ही मंजुरी टाळता येत नाही.

३. माणसाशिवाय टोकन मागताना स्कोपमध्ये परवानगीचं नाव लिहायचं नसतं. ग्राफचा पत्ता आणि त्यापुढे ‘/.डीफॉल्ट’ एवढंच.

४. मंजुरी मिळाल्यावर नवं टोकन काढा. जुन्या टोकनमध्ये नवी परवानगी आपोआप येत नाही. ग्राफचं टोकन साधारण ६० ते ९० मिनिटं चालतं आणि टोकन काढून देणारी एमएसएएल लायब्ररी ते कॅशमध्ये धरून ठेवते. म्हणून ‘परवानगी दिली तरी चालेना’ अशी तक्रार असेल तर आधी सर्व्हिस रीस्टार्ट करा.

५. पत्ता तपासा. ॲप्लिकेशन परवानगीने ‘/मी/सेंडमेल’ चालत नाही, कारण ‘मी’ कोण हे ठरवायला माणूसच नाही. तिथे ‘/यूजर्स/’ आणि पुढे मेलबॉक्सचा पत्ता किंवा आयडी लागतो.

एवढं करूनही ४०३ येत असेल तर अडथळा एक्स्चेंजच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरच्या, बाजूला आहे. सावध ॲडमिन मेल.सेंड देतात, पण सोबत ॲप्लिकेशन ॲक्सेस पॉलिसी लावून ॲपला ठरावीक गटातल्या मेलबॉक्सपुरतं बांधून ठेवतात. अशा वेळी चूक सांगणाऱ्या मजकुरात ‘आरएओपी’ ही अक्षरं आणि ‘टेनंटने ठरवलेल्या ॲप-ओन्ली ॲक्सेस पॉलिसीने रोखलं’ अशा अर्थाचं वाक्य दिसतं. ते दिसलं की एन्ट्रामध्ये काहीही बदलू नका. एक्स्चेंज ऑनलाइनच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-ॲप्लिकेशनॲक्सेसपॉलिसी’ ही आज्ञा ॲपचा आयडी आणि मेलबॉक्स देऊन चालवा. ‘ग्रँटेड’ किंवा ‘डिनाइड’ असं थेट उत्तर मिळतं. डिनाइड असेल तर तो मेलबॉक्स पॉलिसीच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये घालायचा. मग धीर धरा. आज्ञा ग्रँटेड म्हणत असली तरी ग्राफपर्यंत बदल पोहोचायला तासाहून जास्त लागू शकतो, आणि या तासाभरातच लोक वैतागून भलतंच काहीतरी बदलून बसतात.

याच कामासाठी आता एक्स्चेंजमध्ये ‘ॲप्लिकेशन्ससाठी आरबीएसी’ ही भूमिकेनुसार परवानगी देणारी नवी पद्धत आहे. तिच्यात एक गोम आहे. आरबीएसीने ॲपला एकाच मेलबॉक्सपुरती परवानगी दिली आणि एन्ट्रामधली जुनी सरसकट मेल.सेंड तशीच राहू दिली, तर दोन्हींची बेरीज होते. म्हणजे बंधन घातलंय असं वाटतं, प्रत्यक्षात ॲप मोकळंच. तपासायला ‘टेस्ट-सर्व्हिसप्रिन्सिपलऑथरायझेशन’ ही आज्ञा आहे.

दुसऱ्याच्या नावाने पाठवणं हा वेगळा विषय. लॉगिन एकाचं आणि फ्रॉममध्ये सामाईक पत्ता, उदाहरणार्थ मदतकक्षाचा, असं असेल तर ‘एरर सेंड ॲज डिनाइड’ येतो. इथे दोन्हीकडे परवानगी लागते: एन्ट्रामध्ये डेलिगेटेड ‘मेल.सेंड.शेअर्ड’, आणि एक्स्चेंजमध्ये त्या माणसाला त्या मेलबॉक्सवर ‘सेंड ॲज’ किंवा ‘सेंड ऑन बिहाफ’. सेंड ॲजने पाठवला तर फक्त सामाईक पत्ता दिसतो. ऑन बिहाफने पाठवला तर पाठवणाऱ्याचं नावही दिसतं. मदतकक्षाला बहुधा पहिलाच हवा असतो. ‘फुल ॲक्सेस’ दिला म्हणजे सेंड ॲजही मिळाला असं धरून चालू नका. फुल ॲक्सेसने मेलबॉक्स उघडता येतो, त्याच्या नावाने पाठवता येत नाही.

आता एक विचित्र लक्षण. छोटे मेल जातात, पण मोठी फाइल जोडली की ४०३. परवानगी तीच, मेलबॉक्स तोच. कारण असं की साधारण ३ एमबीपेक्षा मोठी जोडणी सेंडमेलच्या एका विनंतीत बसत नाही. आधी मसुदा बनवायचा, अपलोड सेशन उघडून फाइल तुकड्यातुकड्यांनी चढवायची आणि मग मसुदा पाठवायचा, असा मार्ग असतो. मसुदा बनवणं म्हणजे मेलबॉक्समध्ये लिहिणं, आणि त्याला ‘मेल.रीडराइट’ लागते. आता ही परवानगी द्यायची की मोठी फाइल लिंकने पाठवायची हा निर्णय तुमचा. माझं मत विचाराल तर लिंक. फक्त जोडणीसाठी ॲपला सगळा पत्रव्यवहार वाचायची मुभा देणं महागात पडतं.

पायरी ४: जीमेल एपीआय

इथे पहिला प्रश्न: प्रोजेक्टमध्ये जीमेल एपीआय चालू केलंय का? नसेल तर ‘ॲक्सेस नॉट कॉन्फिगर्ड’ येतं आणि मजकुरातच चालू करण्याची लिंक असते. लिंकमधला प्रोजेक्ट क्रमांक आपलाच आहे ना, हे मात्र बघा. चुकीची क्रेडेन्शियल फाइल वापरली जात असेल तर ती इथे पकडली जाते.

सर्वांत जास्त भेटणारी चूक म्हणजे ‘रिक्वेस्ट हॅड इनसफिशियंट ऑथेंटिकेशन स्कोप्स’. जीमेलमध्ये पाठवण्यासाठी यांपैकी कोणताही एक स्कोप चालतो: जीमेल.सेंड, जीमेल.कंपोझ, जीमेल.मॉडिफाय, किंवा पूर्ण खात्याचा. फक्त पाठवायचं असेल तर जीमेल.सेंड घ्या. तो पाठवण्यापलीकडे काहीही करू देत नाही, अगदी मसुदा ठेवणं किंवा खात्याचं प्रोफाइल वाचणंही नाही. त्यामुळे ‘सेंड’ ही ओळ निर्दोष असते आणि तिच्या आधी कुणीतरी खात्री म्हणून घातलेली ‘गेट प्रोफाइल’ ही ओळ ४०३ खाते. चूक कोणत्या ओळीवर आली ते स्टॅक ट्रेसमध्ये नीट बघा.

स्कोप कोडमध्ये बदलला तरी चूक जात नाही, याचं कारण बहुधा साठवलेलं टोकन असतं. गूगलच्या नमुना कोडमध्ये ते ‘टोकन.जेसन’ या फाइलमध्ये राहतं. ती फाइल पुसा आणि पुन्हा मंजुरी द्या. मंजुरीच्या पानावर गूगल आता प्रत्येक परवानगीपुढे वेगळी चौकटही दाखवू शकतं, आणि वापरणारा त्यातली एखादी रिकामी सोडून पुढे जाऊ शकतो. म्हणून टोकनसोबत परत आलेला ‘स्कोप’ रकाना वाचा. आपण काय मागितलं ते त्यात नसतं, काय मिळालं ते असतं.

सगळं चालत होतं आणि आठवडाभराने अचानक ‘इनव्हॅलिड ग्रँट’ आलं? ॲप ‘एक्स्टर्नल’ आहे आणि प्रकाशनाची अवस्था ‘टेस्टिंग’ आहे. अशा ॲपचं रीफ्रेश टोकन (ज्याच्या जोरावर नवी टोकनं मिळतात ते) ७ दिवसांत संपतं. अवस्था ‘प्रॉडक्शन’ करा. जीमेल.सेंड हा संवेदनशील गटातला स्कोप असल्याने बाहेरच्या लोकांसाठीचं ॲप असेल तर गूगलची पडताळणीही करून घ्यावी लागते. टेस्टिंगमध्येच राहायचं असेल तर वापरणाऱ्याचा पत्ता टेस्ट यूजर्सच्या यादीत हवा. ही यादी जास्तीत जास्त १०० जणांची.

सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नव्हे, प्रोग्रामचं खातं) वापरत असाल तर आणखी एक पायरी. सर्व्हिस अकाउंटला स्वतःचा जीमेल मेलबॉक्स नसतो. त्यामुळे कुणाच्या वतीने हे न सांगता पाठवायला गेलात तर ४०० आणि ‘प्रीकंडिशन चेक फेल्ड’ असं गूढ उत्तर येतं. त्याला ‘सब्जेक्ट’ म्हणून खरा वापरकर्ता द्यावा लागतो, आणि त्यासाठी वर्कस्पेसच्या (गूगलच्या कंपनी खात्याच्या) ॲडमिनने डोमेन-वाइड डेलिगेशन, म्हणजे कंपनीतल्या लोकांच्या वतीने काम करायची मुभा, दिलेलं असावं लागतं. ॲडमिन कन्सोलमध्ये सिक्युरिटी, ॲक्सेस अँड डेटा कंट्रोल, एपीआय कंट्रोल्स या वाटेने ते पान सापडतं. तिथे सर्व्हिस अकाउंटचा ईमेल नव्हे तर त्याचा आकडी क्लायंट आयडी टाकायचा, आणि स्कोपचा पूर्ण पत्ता जसाच्या तसा. कोड जो स्कोप मागतो तो या यादीत नसेल तर टोकनच मिळत नाही, ‘अनऑथराइज्ड क्लायंट’ येतं. बदल लागू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. साध्या, वर्कस्पेस नसलेल्या जीमेल खात्यासाठी हा मार्ग मुळातच बंद आहे. तिथे खातेधारकाकडून ओऑथ मंजुरीच घ्यावी लागते.

फ्रॉमच्या बाबतीत जीमेल वेगळं वागतं. खात्यात ‘सेंड मेल ॲज’मध्ये न जोडलेला पत्ता फ्रॉममध्ये घातला तर चूक येत नाही, मेल मूळ खात्याच्या पत्त्याने निघून जातो. मोठ्या यादीला पाठवण्याआधी स्वतःला एक पाठवून हेडर बघा.

पायरी ५: ॲमेझॉन एसईएस

इथे चूक सांगणारं वाक्यच नकाशासारखं वाचता येतं. साधारण असं: ‘यूजर अमुक-एआरएन इज नॉट ऑथराइज्ड टू परफॉर्म एसईएस:सेंडईमेल ऑन रिसोर्स तमुक-एआरएन’. एआरएन म्हणजे एडब्ल्यूएसमधल्या एखाद्या गोष्टीचं पूर्ण नाव. यात तीन गोष्टी आहेत. पहिला एआरएन म्हणजे बोलतोय कोण. सर्व्हरला दिलेल्या रोलऐवजी तिथे कुणाचा तरी वैयक्तिक यूजर दिसला तर एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये जुन्या कीज राहिल्यात. मधली क्रिया म्हणजे काय करायचं होतं. तुम्ही सेंडईमेल दिली असेल आणि एसएमटीपीतून (ईमेलच्या नेहमीच्या पद्धतीने, एपीआयशिवाय) पाठवत असाल तर ‘सेंडरॉईमेल’ लागते. शेवटचा एआरएन म्हणजे कशावर. त्यातला रीजन (ॲमेझॉनचा भौगोलिक विभाग) आणि आयडेंटिटी (पाठवणारा पत्ता किंवा डोमेन) तुमच्या पॉलिसीतल्या रिसोर्सशी अक्षरशः जुळवून बघा. तिथे कधी आयडेंटिटीऐवजी ‘कॉन्फिगरेशन-सेट’ दिसतो. डोमेनला डीफॉल्ट कॉन्फिगरेशन सेट जोडलेला असला की कोडमध्ये त्याचा उल्लेख नसतानाही त्यावरची परवानगी लागते. वाक्याच्या शेवटी ‘एक्स्प्लिसिट डिनाय’ असेल तर परवानगी देणारा नवा ‘अलाऊ’ जोडून उपयोग नाही. स्पष्ट नकार नेहमी वरचढ ठरतो, तो शोधूनच काढावा लागतो.

पॉलिसीत ‘एसईएस:फ्रॉमॲड्रेस’ अशी अट असेल तर फ्रॉममधला पत्ता त्या अटीत बसायला हवा. ही अट चांगली आहे, काढू नका. पत्ता दुरुस्त करा.

‘ईमेल ॲड्रेस इज नॉट व्हेरिफाइड’ हे मात्र परवानगीचं प्रकरणच नाही. बहुधा एक तर ज्या रीजनमध्ये डोमेन पडताळलं ते सोडून दुसऱ्या रीजनला विनंती जातेय, कारण पडताळणी रीजननिहाय असते. नाहीतर खातं सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या अवस्थेत, आहे. सँडबॉक्समध्ये २४ तासांत २०० मेल, सेकंदाला १, आणि तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांनाच. चूक सांगणाऱ्या वाक्यात ज्याला पाठवताय त्याचा पत्ता दिसला की सँडबॉक्स समजा आणि प्रॉडक्शन ॲक्सेससाठी अर्ज करा. हा अर्जही रीजननिहाय.

विनंतीची सही जुळत नाही किंवा तिची मुदत संपली असं उत्तर आलं तर आयएएम (एडब्ल्यूएसची परवानग्यांची जागा) उघडण्याआधी सर्व्हरचं घड्याळ बघा. आणि एसईएसचा एसएमटीपी पासवर्ड म्हणजे सीक्रेट की नव्हे. तो तिच्यापासून वेगळा बनवलेला असतो, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

सेंडग्रिड, मेलगन वगैरे

सेंडग्रिडमध्ये दोनच शक्यता जास्त. ‘रिस्ट्रिक्टेड’ कीला मेल सेंडची परवानगी दिलेली नाही, किंवा फ्रॉमचा पत्ता पडताळलेल्या सेंडर आयडेंटिटीशी जुळत नाही. दुसरी असेल तर मजकुरात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. मेलगनमध्ये ४०१ सोबत ‘फॉरबिडन’ आलं तर आधी रीजन बघा. युरोपातल्या डोमेनसाठी पत्ता वेगळा आहे. बेसिक ऑथमध्ये यूजरनेम ‘एपीआय’ हाच शब्द असतो. सँडबॉक्स डोमेन वापरत असाल तर घेणाऱ्याचा पत्ता ऑथराइज्ड यादीत हवा. की चिकटवताना शेवटी आलेली मोकळी जागा किंवा नवी ओळ, हे कुठल्याही सेवेत ४०१ चं कारण असू शकतं. ते हसण्यावारी नेऊ नका.

पायरी ६: चाललं, आता आवरा

मेल गेला की तपासणीच्या काळात दिलेल्या जादा परवानग्या एकेक करून काढा. प्रत्येक वेळी नवं टोकन काढा आणि पाठवून बघा. मग उलटी चाचणी करा: ज्या मेलबॉक्समधून पाठवता यायला नको, मुद्दाम त्यातूनच पाठवायचा प्रयत्न करा. इथे ४०३ आलाच पाहिजे. आला नाही तर बंधन लागलेलं नाही. वापरात नसलेली ‘फुल ॲक्सेस’ की ठेवू नका, रद्द करा.

ग्राफचं यशस्वी उत्तर २०२ असतं. म्हणजे विनंती स्वीकारली, मेल पोहोचला असं नव्हे. २०२ येऊनही मेल मिळत नसेल तर तो प्रश्न एसपीएफ, डीकिम (पाठवणारं डोमेन खरं आहे का याच्या तपासण्या) आणि स्पॅम फोल्डरचा. परवानग्यांकडे परत येऊ नका.

ॲडमिन दुसरा असेल तर काय लिहायचं

बऱ्याच ठिकाणी कोड लिहिणारा वेगळा आणि परवानगी देणारा वेगळा. ‘ईमेल जात नाही, जरा बघा ना’ असं लिहिलं की उलट प्रश्नांतच दोन दिवस जातात. अशी मागणी करा:

‘नमस्कार. बिल पाठवणाऱ्या ॲपला (क्लायंट आयडी खाली दिला आहे) मायक्रोसॉफ्ट ग्राफची मेल.सेंड ही ॲप्लिकेशन परवानगी आणि तिचा ॲडमिन कन्सेंट हवा आहे. ॲप फक्त बिलांच्या मेलबॉक्समधून पाठवेल, वाचणार काहीच नाही. कृपया ॲक्सेस पॉलिसी लावून ते त्या एकाच मेलबॉक्सपुरतं मर्यादित ठेवावं. सध्या येणारी चूक, रिक्वेस्ट आयडी आणि वेळ सोबत जोडली आहे. टोकनमधलं रोल्स सध्या रिकामं आहे. परवानगी मिळाल्यावर दुसऱ्या मेलबॉक्समधून पाठवून बघतो आणि ते अडतंय का ते तुम्हाला कळवतो.’

मर्यादा आपणच मागितली की ॲडमिनची अर्धी शंका तिथेच मिटते. कीज आणि सीक्रेट या मेलमध्ये घालू नका. क्लायंट आयडी पुरतो.